मागचं दार विट्यात

रत्नमाला शिंगाडेची व्हॅन कन्याकुमारीला निघाली तेव्हा तिचं तोंड तेवढं निघालं. मागचं दार विट्यातच राहिलं, घरासमोर, पेरूच्या झाडाखाली. कोल्हापूरच्या पुढं चहाला थांबल्यावर रत्नमालानं आरशात पाहिलं तर सीटांमागं सीटा, खिडक्यांमागं खिडक्या, आणि पार शेवटी मुगाएवढ्या दारात तिचा नवरा हणमंतराव लुंगी सावरत उभा. "अगं बाई, ताणली की ही," ती म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

दोघंही एस.टी.तले. तो ड्रायव्हर, ती कंडक्टर, अकरा वर्षं एकाच गाडीवर, विटा ते पुणे. आता दोघं निवृत्त, आणि हणमंतरावांचे डोळे काचबिंदूनं गेलेले. समोर माणूस आहे की खांब, एवढंच काय ते कळायचं. रत्नमालानं जन्मभर गर्दीच्या पाठी बघितल्या होत्या, रस्ता कधी बघितला नव्हता. "पुढच्या काचेतून रस्ता कसा दिसतो ते मला बघायचंय. जमीन संपेपर्यंत," ती एकदा म्हणाली. "मग जा की! मी काय आडवा पडलोय?" हणमंतराव म्हणाले, आणि शेजारी बसून नुसत्या कानांनी त्यांनी तिला गाडी शिकवली. "गिअर रडतोय. बदल." असं.

मोडीतली एक घंटा आणून त्यांनी चाचपत चाचपत ती व्हॅनमध्ये बसवली. घंटा ड्रायव्हरच्या डोक्यावर, दोरी छताखालून थेट मागच्या दारापर्यंत. एक टोला म्हणजे थांब, कुणाला तरी उतरायचंय. दोन म्हणजे चल. हा नियम शिंगाड्यांच्या घरात देवासारखा होता, आणि त्याला कारण होतं. एकदा लोणंदला हणमंतरावांनी डबल बेल न होताच गाडी काढली आणि सख्ख्या बायकोला स्टँडवर सोडून गेले. ती लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून उभी. नीरेला पोचल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "तिकीट कोन देणार रं?" तेव्हा कुठं यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढं आठ दिवस भाकरी मिळाली, पण शब्द मिळाला नाही. नवव्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून शपथ घेतली, की डबल बेल झाल्याशिवाय शिंगाड्यांची गाडी हलणार नाही.

तर आता रोज सकाळी विट्यातून हणमंतराव दोरी ओढायचे आणि कर्नाटकात रत्नमाला गाडी काढायची. संध्याकाळी ती आतूनच चालत मागं जायची. बेळगावहून विटा पंधरा मिनिटांवर होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालायची, दिवसभर काय काय दिसलं ते सांगायची, परत यायची. हुबळीहून अख्खी संध्याकाळ गेली. चित्रदुर्गला ती चालायला लागली आणि निम्म्या वाटेतच पाय भरून आले. परत येऊन ती सीटवर बसली आणि रडली, चांगली हमसून रडली. मग नाक पुसून स्वयंपाकाला लागली.

मधल्या सीटांवर एव्हाना माणसं बसली होती. कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या, कुणी पोराला झोपवत होतं. रत्नमाला मागच्या माणसाला सांगायची, "थेंब घातले का विचारा." तो त्याच्या मागच्याला सांगायचा. दोन दिवसांनी उत्तर आलं, सोबत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी.

"घातले म्हणतात," मागचा माणूस म्हणाला.

"बरणी निम्मी रिकामी कशी?"

"वाटेत सगळ्यांनी चाखली, ताई. झकास झालीय."

दोन टोले मात्र उशिरा यायला लागले. बंगळुरूच्या पुढं ते दुपारी आले, सेलमला दिवस कलताना. इतक्या लांबून यायचं म्हणजे आवाजही दमलेला असायचा. बेल होईस्तोवर रत्नमाला गाडीला हात लावत नसे. सेलमच्या बाहेर एका हवालदारानं वही काढली.

"गाडी कुठपर्यंत आहे?"

"विट्यापर्यंत."

"मागं घेता येईल?"

"नाही."

"मग पुढंच जा," तो म्हणाला, आणि तसं लिहून घेतलं.

कन्याकुमारीला ती सकाळी पोचली. रस्ता संपला, मग वाळू, मग समुद्रच समुद्र. तिनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसली. इतकं मोठं पाणी एकटीनं बघायचं म्हणजे जेवायला एकटीनं बसल्यासारखं. तिनं मागं निरोप दिला, "जमीन संपली. तुम्ही पाहिजे होता."

तीन दिवसांनी मागचा माणूस म्हणाला, "ते विट्यात नाहीत, ताई. निघालेत. आतूनच चालत येतायत."

"अहो, दिसत नाही त्यांना!"

"दोरी धरलीय म्हणे. मधेच चहाला उतरतात, पण येतायत."

हे मात्र खरं. नोकरीतसुद्धा टपरी दिसली की हा माणूस उतरणारच. रत्नमालाला हसू आलं, आणि तेवढ्यात डोक्यावर घंटा वाजली. टण. टण. इंजिन बंद असताना व्हॅन वीतभर पुढं सरकली.

तिनं ब्रेक दाबला. पुन्हा टण, टण. पुन्हा वीतभर. दोरीला धरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी दोरी हिसडत होती, दोन पावलं म्हणजे दोन टोले, आणि दोन टोले म्हणजे चल. शिंगाड्यांची गाडी दुसरं काही शिकलीच नव्हती. शिवाय तोंड वीतभर सरकलं की गाडी वीतभर वाढत होती, म्हणजे ते तिच्यापासून तेवढे लांब जात होते. दोरी सोडा म्हणावं तर हजारो सीटांमध्ये आंधळा माणूस हरवणार. पुढची चाकं पाण्यात गेली.

तिनं घंटा मुठीत घट्ट धरली. आवाज थांबला, पण पावलं तिच्या तळव्यावर आपटत राहिली आणि गाडी सरकत राहिली. डाव्या पायाचं पाऊल जरा हलकं, गुडघा दुखतो त्याचं. ओळखीची पावलं होती. आरशात तिळाएवढी पांढरी टोपी दिसली.

"सावकाश हो, सावकाश!" ती ओरडली. हसतही होती, डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "सावकाश," मागचा माणूस म्हणाला. "सावकाश, सावकाश," असं होत होत निरोप लांब गेला. दाराच्या फटीतून समुद्र आत आला आणि तिच्या चपला तरंगायला लागल्या.

मग मुठीत एक धक्का बसला.

ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. व्हॅन जागच्या जागी थांबली होती. दोरी सैल पडली होती. आरशात टोपी नव्हती.

"एकच झाला?" मागच्या माणसानं विचारलं.

"एकच."

"म्हणजे?"

"कुणीतरी उतरलं."

भरती चढत होती. बाहेर किनाऱ्यावरची माणसं हात हलवून तिला उतरायला सांगत होती.

"चहाला उतरले असतील," ती म्हणाली. "त्यांचा चहा म्हणजे वेळ लागतो."

"ताई, पाणी वाढतंय."

"वाढू दे. मी काय त्यांना लोणंदला सोडून जाणाऱ्यातली नाही."

तिनं ब्रेकवरचा पाय काढला नाही. घंटेभोवतीची मूठ तेवढी सैल केली, दुसरा टोला आला तर वाजता यावा म्हणून. पाणी कोमट होतं, आणि ते हळूच तिच्या मांडीवर येऊन बसलं.