डाव्या कानाचा दाखला

आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पाया धर्म, कायदा आणि कष्ट यांवर घातला गेला, असं कोर्टाच्या दारावर कोरलंय. प्रत्यक्षात तो अँड्र्यू गिलफिलनच्या डाव्या कानावर घातला गेला.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात तेव्हा शॉनी हे तिथले मूळ लोक राहायचे. अँड्र्यू आणि टोबायस क्रेग, दोघेही आयर्लंडमधल्या अल्स्टरहून एकाच जहाजानं आलेले. एका पहाटे त्यांनी झऱ्याकाठच्या शॉनी झोपड्यांवर पेटते पलिते टाकले. बाहेर पळालेल्या दोघांना गोळ्या घातल्या, एका म्हातारीला कुऱ्हाडीनं संपवलं, उभा मका जाळला. मग गव्हर्नरला कळवलं, की जागा रिकामी आहे.

रिकाम्या जागेला मालक हवा. तिथली रीत अशी, की कोपऱ्यातल्या ओकवर कुऱ्हाडीनं आपली अक्षरं कोरायची. अँड्र्यूनं कोरली. आठवड्यानं जाऊन बघतो तर टोबायस ती तासून काढतोय.

"गड्या, झाड चुकलं की काय तुझं?"

"झाड बरोबर आहे, अक्षरं चुकलीत. म्हातारीला मी मारलं. झरा माझा."

"आणि त्या दोघांना कोणी मारलं, तुझ्या बापानं?"

पुढचं बोलणं हातांनी झालं. डोळे उपटायला सोयीचं म्हणून टोबायसनं अंगठ्याचं नख वाढवून मेणबत्तीवर कडक केलं होतं. डोळा वाचवायला अँड्र्यूनं मान फिरवली आणि कान टोबायसच्या दातांत गेला. अँड्र्यूनं दगड उचलून त्याचे पुढचे सगळे दात पाडले. पण तोवर कान सुटा झाला होता.

वसंतात काउंटी जाहीर झाली. कोर्ट गुत्त्यात भरणार होतं, आणि जमिनीचे दावे शपथेवर ऐकणार होतं.

"असाच गेलास तर डुक्करचोर म्हणतील तुला," बायको जेनेट म्हणाली.

खरं होतं. डुक्कर चोरणाऱ्याचे कान कायद्यानं कापत, आणि अशा माणसाची शपथ कोर्ट मानत नसे. म्हणजे झराच काय, राहत्या घराखालची जमीनही जाणार.

"पण तू बघितलंस की, त्यानं चावला ते!"

"नवऱ्यासाठी बायकोची साक्ष धरतात होय? ज्यानं चावला त्यालाच घेऊन जा."

अँड्र्यू दारात आलेला बघून टोबायस बोळक्या तोंडानं हसला. "सांगतो की. झरा दे."

"आणि नाही दिला तर?"

"मग मी कसला चावतोय? मला तर दातच नाहीत."

अँड्र्यूनं झरा दिला. टोबायसनं बायबलवर हात ठेवून साक्ष दिली. कान चिवट होता, हेही न विचारता सांगितलं. कारकुनानं कोऱ्या वहीत काउंटीची पहिली नोंद केली: गिलफिलन यांचा डावा कान मारामारीत तुटला आहे, गुन्ह्यापायी कापलेला नाही.

सप्टेंबरात सरकारी मोजणीदार काउंटीची हद्द आखायला साखळी घेऊन आला. झरा शेजारच्या काउंटीत निघाला, आणि तिथं आमच्या कोर्टाचा शब्द चालत नव्हता.