शिट्टीपुरती फट

सिक्स्टेनचा पक्का दात त्या दिवशी बसायचा होता. आमचा दात घडवणारा कारागीर टोर्केल, त्याने केलेला तो दात डबीत कापसावर झोपला होता आणि मी स्क्रूची किल्ली हातात घेतली होती. तेवढ्यात त्याची बायको आल्वा काठीने वाट चाचपत दारातून आत आली.

"थांब गं जरा. हा तुला काय म्हणाला? छान आहे म्हणाला ना?"

"हो. छान आहे म्हणाला."

"याला बुडत्या बोटीत बसवलं तरी हा छान आहे म्हणेल. सिक्स्टेन, शिट्टी मारून दाखव तिला."

खुर्चीत आडवा पडलेला सिक्स्टेन कानापर्यंत लाल झाला. "अगं, कशाला उगाच? तिने इतकी मेहनत घेतली आहे."

"मार म्हणते ना!"

त्याने ओठ आवळले. नुसती हवा आली. फू.

"ऐकलंस?" आल्वा म्हणाली. "या फुंकरीवर मी समुद्रातून घरी कशी येऊ?"

मग मला सगळं कळलं, तेही तिच्याकडून. आल्वाच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तरी बेटावरच्या धक्क्यावरून ती रोज सकाळी पोहायला उतरायची. सिक्स्टेन कॉफीचा थर्मास घेऊन बाकावर बसायचा आणि मधूनमधून समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून शिट्टी घालायचा. त्या दिशेने ती परत यायची. गेल्या वर्षीच्या वसंतात शिडाच्या दांड्याने त्याचा समोरचा दात मुळापर्यंत चिरला, आणि त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नव्हती.

"बोटं घालून शिट्टी मारता येईल की," मी म्हटलं.

"तशी धक्क्यावरचे सगळेच म्हातारे मारतात. भलत्याच्याच शिडीला जाऊन लागले तर?"

"मग भोंगा?"

"मी काय फेरीबोट आहे?"

"आणि तरणतलाव?"

"मी काय टबातलं बदक आहे?"

मी सिक्स्टेनकडे पाहिलं. "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पूर्वीसारखा दात हवा, असं म्हणालो होतो."

खरंच म्हणाला होता. पूर्वीसारखा म्हणजे रंगाने, असं मी धरून चालले होते.

हा दात मी पोटुशी असताना सुरू केला होता. चिरलेला दात काढला, तेव्हा ओठाच्या बाजूचं हाड कागदासारखं पातळ निघालं. म्हणून टायटॅनियमचा स्क्रू जरा आतल्या अंगाला, टाळूकडे झुकवून बसवला, पुढच्या पोकळीत हाडाची भुकटी भरली आणि हिरडी वरून पांघरूण घातल्यासारखी शिवून टाकली. टाके घालताना माझं पोट सारखं खुर्चीच्या हाताला अडत होतं. "तुझं पोटातलं आणि माझं हाडातलं," सिक्स्टेन बधिर ओठांनी म्हणाला होता, "बघू कोण आधी तयार होतंय." तिरा आधी झाली. हाड सावकाश स्क्रूला बिलगत राहिलं, आणि मी रजेवरून परत येईपर्यंत त्याने दुसऱ्या डॉक्टरला तोंड उघडून दाखवलं नाही. मग मी हिरडी उघडून त्यावर प्लास्टिकचा कच्चा दात बसवला, हिरडीला वळण लागावं म्हणून. तो त्याने तक्रार न करता वापरला. छान आहे, म्हणाला.

मी वरच्या मजल्यावर फोन केला. टोर्केल घरात घालायच्या लोकरी सपाता फटफटवत खाली आला. कच्चा आणि पक्का, दोन्ही दात त्याचेच.

"टोर्केल, यांची फट कुठे गेली?"

"बुजवली." त्याचा चेहरा खुलला. "दात किंचित रुंद घेतला. कळलंसुद्धा नाही ना? वर त्याचे पैसेही लावले नाहीत."

"ती परत हवी आहे."

"फट? परत?" शेजाऱ्याने घराला मुद्दाम तडा मागावा, तसं त्याने आमच्याकडे पाहिलं. "लोक लहानपणी वर्षानुवर्षं तारा लावून घेतात फटीसाठी. म्हणजे, फट जावी म्हणून!"

"त्यांच्या बायका पोहत नसतील," आल्वा म्हणाली.

बरं होतं, की दात स्क्रूवर होता, चिकटवलेला नव्हता. मी दातामागचं, स्क्रूच्या भोकावरचं बूच काढलं, किल्ली फिरवली, कच्चा दात हातात घेतला आणि शेजारच्या दाताकडची कड थोडी घासली. परत बसवून कसला. "मार."

फू.

आणखी घासला. आता किटलीला वाफ धरावी तसा आवाज आला. आल्वाने मान हलवली. "हा शेजारच्यांचा कुत्रा बोलावेल."

बाहेर तिरा रडायला लागली. तिला पाजायची वेळ झाली होती आणि माझा नवरा मात्तिस तिला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. माझं दूध दाटलं, हात घाईला आला, आणि मी जरा जास्तच घासलं.

"मार."

बैलगाडीच्या चाकातून हवा गेल्यासारखं काहीतरी झालं.

"बैलगाडीच्या चाकात हवा नसते," मी मनात म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. पण सिक्स्टेन हसत नव्हता. आल्वाने काठीची मूठ घट्ट धरली होती.

"दे इकडे," टोर्केल म्हणाला. इतका वेळ तो भिंतीला टेकून फुगून बसला होता. त्याने कडेला लेपाचा एक थेंब लावला, तो घट्ट व्हावा म्हणून निळा दिवा धरला, घासलं, एक डोळा मिटून दात उजेडासमोर धरून पाहिला. मी दात कसला.

सिक्स्टेनने ओठ ओले केले.

शिट्टी लांब, गोल आणि अजिबात न थरथरता निघाली. व्हरांड्यातली तिरा मध्येच गप्प झाली.

"हा," आल्वा हळूच म्हणाली. "हा माझा."

टोर्केलने डबीतला सुंदर पक्का दात खिशात टाकला. "नवा करतो. शिट्टी मारणारा. आयुष्यात पहिल्यांदा."

तो नवा दात बसवल्यानंतरच्या रविवारी मी, मात्तिस आणि तिरा फेरीबोटीने बेटावर गेलो. जून उजाडला होता, पण पाणी हिवाळ्याचंच होतं. आल्वाने अंगावरचा झगा बाकावर फेकला, पांढरी टोपी चढवली, आणि शिडी उतरून गेली. थोड्या वेळाने नुसती टोपी दिसत राहिली, मग तीही बारीक झाली. सिक्स्टेन दालचिनीचा बन खात होता. म्हणजे नुसता चावत होता. गिळला जात नव्हता.

"मार आता," मी म्हटलं.

त्याने कॉफीचा घोट घेतला आणि शिट्टी घातली. टोपी थांबली. पाण्यावर जराशी वळली, आणि सरळ आमच्या शिडीकडे यायला लागली, जणू कुणी दोरी ओढत होतं. मात्तिसच्या कडेवरून तिरा आपले दोनच दात दाखवत हसली. त्या दोघांमध्येही चांगली ऐसपैस फट आहे.

आल्वाने शिडीला हात घातला, धापा टाकत वर तोंड केलं.

"सिक्स्टेन, सूर जाड येतोय. फटीत बन अडकलाय तुझ्या."

त्याने जीभ फिरवली. खरंच अडकला होता.

"काढ तो," ती म्हणाली आणि शिडी सोडून परत पाण्यात शिरली. "तोवर मी आणखी एक फेरी मारते."