बिनहेल्मेटचं अंडं

मानवी मेंदू ही विश्वातली सर्वांत गुंतागुंतीची रचना आहे आणि तिचं रक्षण करणं हे प्रत्येक सुजाण माणसाचं आद्य कर्तव्य आहे. मेंदूवर संशोधन करणाऱ्या बाई हे वाक्य आरशासमोर घोकत होत्या. घोकून होईपर्यंत त्यांची मुलगी सायकल काढून शाळेला पसार झाली. हेल्मेट खुंटीवरच.

याचसाठी तर त्यांनी तिच्या वर्गात प्रयोग दाखवायचं कबूल केलं होतं. आईचं कोण ऐकतं? पाहुण्या शास्त्रज्ञाचं निदान ऐकून तरी घेतात.

वर्गात बाईंचा पाय एका जागी ठरेना. नजर सारखी खिडकीबाहेर, सायकलींच्या रांगेकडे. बाईंनी बॅगेतून काढलेली अंडी पाहिल्यापासून मुलंही चुळबुळत होती. मुलगी तेवढी बाकात घुसून बसली होती, ओळख नसल्यासारखी.

"कवच म्हणजे कवटी, आतला बलक म्हणजे मेंदू. आता हे अंडं हेल्मेट न घालता सायकलवरून पडलं, तर?"

"राडा!" मागचा बाक एका सुरात ओरडला.

"शाब्बास!" बाईंनी हात उंच नेला आणि अंडं सोडलं.

अंडं टप्पकन पडलं, घरंगळलं आणि वर्गशिक्षकांच्या बुटापाशी जाऊन विसावलं. बाईंनी घाईघाईने दुसरं सोडलं. तेही पहिल्याच्या शेजारी गेलं.

मॉनिटरने एक उचलून सोललं. "बाई, मेंदू एकदम ठणठणीत आहे."

"म्हणजे हेल्मेट नको!" मागच्या बाकाने निष्कर्ष काढला. टाळ्या पडल्या. मुलीने डोकं बाकावर टेकवलं.

बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत बाईंनी नवऱ्याला फोन लावला. तो बँकेत जोखीम-नियंत्रण विभागात होता.

"अगं, बॅगेत फुटली असती म्हणजे? मीच उकडून ठेवली."

"सगळी?"

"उगाच रिस्क कशाला?"

घरी दोघांशी बोलायचं बाईंनी टाळलं. मुलीच्या सायकलची घंटा वाजली की मात्र दचकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने कुणी न सांगता खुंटीवरचं हेल्मेट काढलं. बाईंचा चहा कपातच राहिला.

"बघितलंस?" त्या नवऱ्याला कुजबुजल्या. "प्रयोग फसला तरी विज्ञान आत झिरपतं." मग मोठ्याने, "काय गं, पटलं वाटतं कालचं?"

"कालचं काय?" मुलीने पट्टा आवळला. "केस धुतले नाहीयेत मी."