गर्दी टाळ आणा

माझ्या नवऱ्याला दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारण्याचा छंद आहे. आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी 'आणि'मधली वेलांटी दीर्घ काढली, की नीळकंठ अध्यक्ष या नात्याने खाली शुद्ध शब्द टाकणार आणि शेजारी एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याची मला फार चीड येते. कारण हा गृहस्थ स्वतः टाइप करतच नाही. चष्मा शोधायचा कंटाळा, म्हणून फोन तोंडासमोर धरून बोलतो आणि फोन बिचारा लिहून घेतो. जे लिहिलं जातं ते वाचायचेही कष्ट घेत नाही. दोन हजार वीसच्या जूनमध्ये हे त्याला भोवलं, आणि बरं झालं भोवलं.

आमचं मंडळ हेगला लागून असलेल्या रायस्वाइक गावाचं. बहुतेक जण पुण्या-मुंबईहून आलेले, आयटीतले. आम्ही दोघं त्यांतले सगळ्यांत जुने. दर गुरुवारी आम्ही सुरिनामहून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या एका चर्चच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमायचो. तिथली पाद्री विल्मा. तिला सगळे 'डोमिने' म्हणतात, मी नुसतं विल्मा म्हणते. पहिल्या वर्षी आम्ही गणपतीसाठी हॉल मागितला तेव्हा तिने विचारलं होतं, "तुमचे हे पाहुणे किती दिवस राहणार?" मी भीत भीत दीड दिवस म्हटलं. "एवढ्या लांबून येऊन दीडच?" म्हणाली, आणि पाच दिवसांसाठी किल्ली हातात ठेवली. तेव्हापासून ती माझी मैत्रीण.

मार्चमध्ये करोना आला, हॉल बंद झाला आणि आमचं भजन कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेलं. प्रत्येकाचा आवाज आपापल्या सवडीने पोचायचा. एकाचं ध्रुपद संपायचं तेव्हा दुसऱ्याचं सुरू व्हायचं. टाळांवर तर नीळकंठने बंदीच घातली, कारण टाळ वाजला की कॉम्प्युटरला वाटायचं घरात काहीतरी पडलं, आणि तो त्या माणसाचा आवाजच गिळून टाकायचा. टाळ चर्चच्या हॉलमधल्या कपाटात कुलूपबंद राहिले.

मग अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली एक काळा माणूस गुदमरून मेला आणि जगभर लोक रस्त्यावर आले. आमच्या शेजारी हेगमध्येही रविवारी मैदानावर निदर्शनं ठरली. शुक्रवारी विल्माचा फोन आला.

"मी बोलणार आहे, मंजूषा. स्टॅनलीबद्दल."

स्टॅनली तिचा मुलगा. इंजिनिअर आहे, नाकासमोर चालणारा. पण नवी गाडी घेतल्यापासून पोलीस त्याला रस्त्यात थांबवून विचारतात, गाडी तुझीच का? विल्मा हे सांगताना कधी रडली नव्हती, नुसती भांडी जोरात आपटायची.

"अडचण अशी आहे," ती म्हणाली, "की परवानगी अंतराच्या अटीवर आहे. दीड मीटर. लोक एकमेकांजवळ आले तर मैदान रिकामं करणार. आणि बोलणाऱ्यांत माझं नाव सगळ्यांत शेवटी. माझी माणसं म्हातारी, त्यांना गायलाही बंदी, गाण्याने म्हणे रोग पसरतो. तुमच्यातलं कोणी येईल का? नुसतं नीट अंतर ठेवून उभं राहायला?"

"आम्ही सगळे येतो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सगळ्यांना विचारायचं राहिलंय.

नीळकंठने ऐकून कपाळाला हात लावला. "परस्पर शब्द दिलास? अगं, मंडळात निम्मी मुलं वर्क परमिटवर आहेत. उद्या पोलिसांनी नावं लिहून घेतली तर? शिवाय रोग आहे. शिवाय आपण इथे पाहुणे."

"पाहुण्यांना पाच दिवस हॉल दिला तिने."

"तो भाग वेगळा."

त्या संध्याकाळी पडद्यावर बैठक झाली. मृदुलाला जायचं होतं, पण घरात तान्हं बाळ. मनोहर म्हणाला, विषय चांगला आहे पण भजनी मंडळाने राजकारणात पडावं का? कोणी म्हणालं, इथले काळे लोक वेगळे, आपण वेगळे. तेव्हा माझा तोल गेला. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहिणारे आपणच ना, मी म्हटलं, मग वेगळे कशाने? एकदम सगळ्यांचं नेट खराब झालं. शेवटी ठरलं असं, की काही ठरलं नाही; अध्यक्ष उद्या कळवतील.

अध्यक्षांनी शनिवारी सकाळी गॅलरीतल्या कोथिंबिरीला पाणी घालता घालता कळवलं. मी आत चहा गाळत होते. मला स्पष्ट ऐकू आलं: "उद्या हेगला निदर्शनं आहेत. गर्दी टाळा ना!" त्या 'ना'मध्ये अजिजी होती, नीळकंठ मनाने वाईट नाही. पण मला रडू आलं. विल्माला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने मी चहाचं भांडं तसंच ठेवून फोन उघडला.

फोनने लिहिलं होतं: 'उद्या हेगला निदर्शनं आहेत गर्दी टाळ आणा'.

पूर्णविराम घालायचं काम फोनने वाचणाऱ्यांवर सोडलं होतं, आणि वाचणाऱ्यांनी ते चोख केलं. अध्यक्ष म्हणतात, गर्दी आहे, टाळ आणा. खाली पटापट अंगठे उमटायला लागले. मृदुलाने लिहिलं, 'सासूबाई बाळाला बघतील'. मनोहरने हात जोडले. एकाने विचारलं, 'झब्बा घालायचा का?'

नीळकंठ चष्म्याशिवाय नुसते अंगठे मोजत आत आला. "बघ, किती समजूतदार माणसं आहेत आपली."

"फारच," मी म्हटलं आणि चहा पुढे केला.

मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रविवारी सकाळी मनोहरचा फोन आला, तो मुद्दाम नीळकंठच्याच फोनवर. "अध्यक्ष, टाळ हॉलच्या कपाटात, आणि किल्ली तुमच्याकडे. आम्ही सगळे चर्चच्या दाराशी उभे आहोत. लांब लांब उभे आहोत, काळजी नको."

नीळकंठने चष्मा शोधला. निरोप वाचला. पुन्हा वाचला.

"हे मी म्हटलंच नाही."

"खाली नाव तुझं आहे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

तो खुर्चीत बसला. दुरुस्ती पाठवायला त्याने फोन तोंडासमोर धरला. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते. त्याने 'घरी जा' म्हटलं असतं तर ती सगळी मुलं गेली असती; अध्यक्षांचा शब्द मानणारी आहेत. फोन लाल ठिपका दाखवत ऐकत राहिला. नीळकंठ काही बोललाच नाही. मग त्याने फोन खिशात टाकला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि मला म्हणाला, "मास्क घे. दोन जास्तीचे घे."

का, ते मी विचारलं नाही. विचारलं की तो समजावून सांगायला लागतो, आणि समजावता समजावता मत बदलतो.

हॉलच्या दाराशी मृदुलाने प्रत्येक टाळ सॅनिटायझरने पुसला. ज्याचा टाळ त्याने वाजवायचा, अदलाबदल नाही, असं नीळकंठने बजावलं. मग आम्ही सायकलींवरून निघालो. पुढच्या टोपल्यांमध्ये टाळ, आणि विटांच्या रस्त्यावर चाक उडालं की खणखणाट. लोक खिडक्यांतून बघत होते. एका आजोबांनी हात हलवला. मला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सणासारखं वाटलं.

मैदानावर खडूने फुल्या काढल्या होत्या, एका फुलीवर एक माणूस. विल्मा तिच्या म्हाताऱ्या मंडळींना फुल्यांवर उभं करत फिरत होती. आम्हाला बघून तिने दोन्ही हात वर केले. जवळ येता येत नव्हतं, म्हणून तिथूनच स्वतःला मिठी मारून दाखवली.

"हात पूर्ण उघडायचे," नीळकंठने आम्हाला सांगितलं. "शेजाऱ्याचा टाळ लागला, तर तुम्ही जवळ आहात." आमच्या मंडळात अध्यक्ष नुसते नावाचे असतात असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

पहिले दोन-तीन जण बोलले तोवर ठीक होतं. मग कोणीतरी घोषणा द्यायला सुरुवात केली, मागच्यांना ऐकू येईना, ते पुढे सरकले, आणि बघता बघता स्टेजसमोर दाटी झाली. फुल्या दिसेनाशा झाल्या. विल्मा कागद हातात धरून स्टेजच्या कडेला उभी होती. मास्कवरून तिचे डोळेच दिसत होते, पण तेवढे पुरे होते.

आणि एक उंचापुरा पोलीस सरळ आमच्याकडे आला.

"तुमच्यात प्रमुख कोण?"

आम्ही सगळ्यांनी अतिशय आदराने नीळकंठकडे पाहिलं. मनोहर तर अर्धं पाऊल मागेही सरकला. नीळकंठने मास्क नाकावर ओढून घेतला. ज्या प्रसंगाची भीती घालून त्याने मला दोन दिवस छळलं होतं, तो प्रसंग गणवेश घालून समोर उभा होता.

"मी," तो म्हणाला. डच भाषेत म्हणाला, आणि पुढे पूर्ण नावही सांगून मोकळा झाला, कोणी विचारलेलं नसताना.

"हे बघा," पोलीस म्हणाला, "तिकडे दाटी झालीय. थोड्या वेळात मोकळं झालं नाही तर मला हे थांबवावं लागेल. मला थांबवायचं नाहीये. तुम्ही असे हात पसरून वाजवता ना, तुमच्या जवळ कोणी येत नाही. तिकडे याल का?"

नीळकंठने मागे वळून आमच्याकडे पाहिलं, टाळ उचलले आणि निघाला.

आम्ही त्याच्या मागून दाटीत शिरलो, म्हणजे शिरलो असं नाही, दाटीच बाजूला झाली. पितळेचे टाळ पूर्ण हात पसरून वाजवणाऱ्या माणसाच्या जवळ उभं राहायची कोणाची हौस नसते. प्रत्येक जण दोन पावलं मागे गेला, त्याच्या मागचा आणखी दोन. मनोहरने ठेका धरला, साधा, लहान मुलालाही जमेल असा. घोषणा विरल्या, कारण लोकांना ओरडण्यापेक्षा टाळ्या वाजवायला सोपं वाटलं. विल्माच्या चर्चमधल्या आजीबाई, ज्यांना गायला मनाई होती, त्या फुल्यांवर उभ्या राहून टाळ्या वाजवत डोलायला लागल्या. त्यांचा ताल आमच्यापेक्षा पक्का होता. हळूहळू जमिनीवरच्या फुल्या दिसू लागल्या. पोलिसाने लांबून अंगठा वर केला. मैदान रिकामं करावं लागलं नाही.

शेवटून दुसरा वक्ता बोलत होता तेव्हा विल्मा आमच्या बाजूला आली. अंतर ठेवून थांबली आणि नीळकंठला इंग्रजीत म्हणाली, "मंजूषा मघाशी म्हणाली, आधी तुम्ही तयार नव्हता. मग मन कसं बदललं?"

मी कान टवकारले. श्रेय घेतो का फोनला देतो, ते मला बघायचं होतं.

"फोनची चूक झाली," नीळकंठ म्हणाला. "पण सकाळी मला ती सुधारता आली असती. फोन हातात होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईने हिला नको म्हटलं होतं. रंगावरून. मी आईला काही बोललो नाही. अर्धं वर्ष मी काहीच बोललो नाही. शेवटी मामा आईशी भांडला, तेव्हा लग्न झालं. आज पुन्हा दुसऱ्या कोणीतरी बोलायची वाट बघायची मला लाज वाटली."

माझ्या हातातले टाळ तसेच राहिले.

मला त्या वेळी सांगितलं होतं की पत्रिका जुळत नाहीये. अर्धं वर्ष मी रोज संध्याकाळी आईबरोबर बसून निरोपाची वाट बघितली होती. आणि त्यानंतर इतकी वर्षं, दर लग्नाच्या वाढदिवसाला, मी त्या पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना मनातल्या मनात शिव्या घालत आले. त्या बिचाऱ्यांचा काही संबंधच नव्हता!

"पत्रिका?" मी मराठीत विचारलं.

"पहिल्याच दिवशी जुळली होती," नीळकंठ म्हणाला. "छान जुळली होती."

मला इतका राग आला की कानांतून वाफा निघतायत असं वाटलं, आणि त्याच वेळी मला त्याला धरून रडावंसंही वाटत होतं. एवढ्या लोकांत, एका परक्या बाईसमोर, स्वतःच्या तोंडाने त्याने हे सांगितलं होतं. घरी कधीच सांगितलं नसतं. विल्माने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"रागावलीस?"

"भयंकर."

"मग अशी माझ्या बाजूला ये," ती म्हणाली. "रागावलेल्यांची रांग इकडे आहे."

मी गेले. स्टॅनलीशेजारची फुली रिकामी होती, तिच्यावर उभी राहिले. त्याने मान झुकवून नमस्कार केला. तेवढ्यात स्टेजवरून विल्माचं नाव पुकारलं गेलं आणि ती कागद सरळ करत चालायला लागली. माइकपर्यंतची वाट चांगली लांब होती, आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं होतं.

नीळकंठ टाळ हातात धरून तसाच उभा होता. "मी काय करू?" त्याने मला विचारलं.

"वाजव," मी म्हटलं. "ती पोचेपर्यंत थांबू नकोस."