माझं गुपित माइकला कळलं

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रंजनीनं मला तसं बजावलं होतं. पण आता तिनंच भर सभेत सांगून टाकलंय, मग मीच का गप्प बसू?

मी तंजावरची मान डोलावणारी बाहुली. कागदाच्या लगद्याची. माझं डोकं धडावर नुसतं टेकवलेलं आहे. पंख्याची झुळूक आली, की ते डोलतं. हेमावती लग्न होऊन चेन्नईत अड्यारला आली, तेव्हा तिच्या सामानातून मीही आले. नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तेव्हा पहिला मान माझा. एरवी मी तिच्या लेकीच्या, रंजनीच्या टेबलावर.

रंजनी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. यंदा उन्हाळ्यात तिनं कामावर जाणं सोडलं. दिवसभर पडून राहायची, केसही विंचरायची नाही. हेमावती तिला डॉक्टरांकडे नेई, पण नातेवाइकांना सांगे, "मायग्रेन हो!" लग्नाची मुलगी, बोभाटा नको.

खरं फक्त मला ठाऊक होतं. दार लावून ती माझ्याशी बोलायची. सकाळी उठावंसं का वाटत नाही, फोन वाजला की छातीत कसं धडधडतं. सगळं मला! कोलूवरच्या वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांना कधी कुणी असं काही सांगितलं होतं का? मी ऐटीत डोलत राहायचे.

मग नवरात्रात तो कार्यक्रम आला. मनाच्या आजारांवर मोफत उपचार करणाऱ्या एका संस्थेला मदत म्हणून. प्रत्येक घरातून एक बाहुली आणून सभागृहात मोठा कोलू मांडायचा, बायकांनी गाणी म्हणायची, तिकिटांचे पैसे संस्थेला. आमच्या घरून मी गेले. रंजनी एक भजन म्हणणार होती.

पहिल्या रांगेत त्रिपुरसुंदरी आत्या बसली होती. रंजनीसाठी तिनं स्थळ आणलं होतं.

"काय गं, गेलं का मायग्रेन?" ती म्हणाली. "मुलाकडच्या बायका आल्यात हो मागे. सूर नीट लाव!"

रंजनीनं माइक हातात घेतला. काळा, टकला, ना डोळे ना नथ. आणि भजनाऐवजी ती त्याला म्हणाली, "मला मायग्रेन नाही. मला डिप्रेशन आहे. मी गोळ्या घेते."

पंखा चालू होता, तरी माझी मान जागच्या जागी थांबल्यासारखी वाटली. माझं गुपित, या टकल्याला! ती धडधड, ते न उठणं, एकेक करून सगळं त्याच्या कानात. आणि तो कोकलून ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवत होता. पोटात काही ठेवावं, ही रीतच नाही त्याला.

हेमावतीनं पदर तोंडाला लावला. मागच्या दोन बायका उठून चालू लागल्या.

रंजनीनं त्यांना जाताना पाहिलं. तिनं माइक आणखी जवळ घेतला. "मी घरच्यांना ओझं झालेय, असं मला रोज वाटतं. झालेय का?"

हेच तिनं मलाही विचारलं होतं, कितीदा तरी. दर वेळी वर पंखा फिरत होता आणि मी मान डोलावली होती. मला दुसरं काही येतच नाही.

मग आत्या खुर्ची सारून उठली.

"नाही गं, वेडे! ओझं कसलं?" आणि तिनं जीभ चावली. "अय्यो, वेडी नव्हे, वेडी नव्हे!"

रंजनी खुदकन हसली. किती महिन्यांनी! मग सगळेच हसले. आत्या हेमावतीकडे वळली, "आणि तू? मला का नाही सांगितलंस? मी काय परकी?"

नाही. एवढासाच शब्द, पण माझ्या मानेत तो नाही.

त्या दिवसापासून रंजनी आत्याशी फोनवर बोलत बसते, तेही दार उघडं टाकून. मी घरी परत आलेय, कोलूच्या पायरीवरून बघते. मला हेवा वाटतो. माइकचा, फोनचा, आत्याचासुद्धा. रंजनीनं केस विंचरलेले असतात, ते बघून बरं वाटतं, आणि तरी हेवा वाटतोच.

"रंजनी कण्णा, बाळा, दशमी झाली! बाहुलीला निजव!" हेमावती आतून हाक मारतेय. कोलू उचलण्याआधी एका बाहुलीला आडवं करून निजवतात. यंदा ती मी. रंजनी आलीसुद्धा. तेव्हा घाईनं सांगते. बाई गं, खुशाल साऱ्या जगाला सांग तू, पण एखादी अगदी लहानशी गोष्ट, फक्त मला…