पट्टा धरलेला हात

“पोरीच्या हातात कुत्र्याचा पट्टा देऊ नकोस गं,” असं थोरल्या जाऊबाईंनी चिमीच्या आईला जिन्यात अडवून बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. जाऊबाईंचा स्वभावच तसा. गॅस पेटवायच्या आधी त्यांना दूध करपलेलं दिसायचं. आणि ढब्बू तो केवढा, आपल्याच शिंकेनं दचकणारा! उलट तिनं चिमीला पढवून ठेवलं होतं, काही झालं तरी पट्टा सोडायचा नाही, सुटला तर तो गाडीखाली जाईल.

चिमीनं सोडला नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा दांडगा कुत्रा फाटकातून सुटून आला, ढब्बूला पाठीत धरून गदागदा हलवू लागला, तरी पोरीची मूठ घट्टच. आई किराणा दुकानातून धावत येईतो गॅरेजवाल्यानं बादलीभर पाणी ओतून आपलं जनावर मागे ओढलं होतं. “लागलं नाही ना?” तिनं चिमीला विचारलं. चिमीनं नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यावर विश्वास ठेवून ती ढब्बूला टॉवेलात गुंडाळून, पोरीला ओढत प्राण्यांच्या दवाखान्यात पळाली.

“वरून दोनच भोकं दिसतायत,” डॉक्टरीणबाई पाठीवरचे केस भादरत म्हणाल्या, “पण आत कातडी पार सुटलीय. भूल देऊन आजच उघडायला हवं. पू झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

त्यांनी खर्च सांगितला. कामावरून थेट आलेला नवरा मटकन बाकावर बसला.

“एवढ्यात माणूस बरा होतो.”

“मग काय, मरू देऊ त्याला?”

“मी असं म्हटलं का? भाड्याचे पैसे आहेत ते. आता आणखी एक खर्च निघाला ना, तर आपण संपलो.”

“गॅरेजवाल्याकडून घे की.”

“तो म्हणतो, तुमचाच आधी भुंकला.”

“ढब्बू? तो आरशातल्या ढब्बूलासुद्धा वाट देतो!”

नवऱ्याला हसू फुटलं, पण डोळे भरले होते. तो उठला आणि पैसे भरून आला. चिमी भिंतीला टेकून, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून बसली होती. किती शहाणी पोर, आईला वाटलं.

टाके घातलेल्या, ग्लानीतल्या ढब्बूला घेऊन तिघं घरी आली. पोरीचे हात धुवायला आईनं तिला मोरीत नेलं, तर चिमी बाही वर करू देईना.

“मी धुते. तू जा ना.”

“अगं, रक्त लागलंय त्याचं. दाखव.”

मनगटाच्या वर दोन लाल ओरखडे होते, दातांचे, सुजलेले.

“दुखत नाहीये,” चिमी घाईघाईनं म्हणाली. “माझा खर्च नको काढू.”

आईनं नळ पूर्ण सोडला, साबण घेतला आणि बाहेर नवऱ्याला ओरडून म्हणाली, “अरे, चपला काढू नकोस! हिला चावलंय!”

इस्पितळातल्या रांगेत ती पोरीचा हात सोडायला तयार नव्हती. रेबीजची सुई टोचली तेव्हा चिमी रडली नाही, बापाकडे बघून तिनं विचारलं, “ही केवढ्याची?”

“फुकट आहे,” तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

मग चिमीला कंठ फुटला. पट्टा एकटीनं नव्हता धरला. पिवळ्या सायकलवालीनंही धरला होता, नंतर ती रडत पळाली. नाव? माहीत नाही. कुठं राहते? तेही नाही.

तिथंच बाकावर बसून आईनं वस्तीतल्या सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं:

“गॅरेजपाशी कुत्रं अंगावर आलं तेव्हा पिवळ्या सायकलवाली एक मुलगी तिथं होती. साताठ वर्षांची असेल. तुमची असेल तर रागावू नका. आधी तिच्या बाह्या वर करून बघा. काही झालं नाही म्हणाली तरी बघा. तुमची नसेल तर शेजारचं दार वाजवा. उद्या नको, आत्ता वाजवा.”