पक्ष्यांच्या भल्यासाठी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा पुसणाऱ्या बाळ्याला घरची एक ताटली घासायची म्हटलं की कंटाळा यायचा. पंचावन्न वर्षांचा झाला, तरी थोरल्या बहिणीसाठी तो बाळ्याच होता. कमरेचं हाड मोडल्यापासून ताईचं जग खिडकीपुरतं उरलं होतं, आणि खिडकीबाहेर फांदीला दाण्यांची ताटली टांगलेली. चिमण्या यायच्या, भांडायच्या. "ती बघ, सासूबाई आली! आता सगळ्यांना हाकलेल," म्हणत ताई खुदखुदायची.

ताटली दर आठवड्याला गरम पाण्याने घासायची, हे काम बाळ्याचं. थंडीत त्याने ते नेमाने केलं. मग ते 'उद्या करू'वर गेलं. जुन्या दाण्यांवर नवे ओतले की झालं! उन्हाळा लागला तशी खालच्या दाण्यांना बुरशी धरली, वर विष्ठेचा थर साचला. एका सकाळी ताटलीखाली जमिनीवर, ताईच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी, एक चिमणी पिसं फुगवून बसलेली दिसली. दुपारपर्यंत ती मेली होती. बाळ्याने इकडेतिकडे पाहिलं, तिला कागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्याच आठवड्यात शेजारची जनावरांची डॉक्टर कुंपणापाशी म्हणाली, "काका, उन्हाळ्यात दाणे बंद ठेवलेले बरे. एका जागी गर्दी होते, रोग पसरतो. बाहेर किडे, बिया आहेत की त्यांना."

बाळ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच ताटली उतरवली. "पक्ष्यांच्या भल्यासाठी, ताई. थंडीत पुन्हा लावू."

ताईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "त्यांचं भलं होत असेल तर माझं काय एवढं!"

मग आल्यागेल्याला ती सांगू लागली, "आमचा बाळ्या मनाने फार मोठा हो. पाखरांसाठी स्वतःची हौस बाजूला ठेवली." हे सुरू झालं की बाळ्या चहाच्या निमित्ताने आत पळायचा. रिकाम्या फांदीकडे बघत बसलेली ताई दिसली की त्याची मान वर होत नसे.

एका रविवारी डॉक्टर ताईला भेटायला आली. ताईने तेच कौतुक लावलं. डॉक्टर म्हणाली, "काका, गल्लीत सगळ्यांना तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील."

"मी काय समजवणार?" बाळ्याच्या तोंडून निघून गेलं. "माझ्यामुळेच एक चिमणी मेली. महिना-दीड महिना ताटली घासली नव्हती मी. तुम्ही बोललात आणि मला आयतं कारण मिळालं."

डॉक्टर गडबडली. "होतं असं, काका..."

ताईने तिला हाताने थांबवलं. "कुठे पुरलीस?"

"पुरली नाही. डब्यात टाकली."

"कचऱ्याच्या?"

बाळ्याने मान हलवली. ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं. दोन दिवस ती औषधापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी समोरच्या मावशी आल्या. "हल्ली पाखरं दिसत नाहीत ती?"

"त्यालाच विचारा," ताई म्हणाली.

बाळ्याने सांगितलं. कान तापले, पण सांगितलं. तेव्हापासून जो विचारेल त्याला तोच सांगतो. एकदा त्याने डब्याचा भाग गाळून पाहिला.

ताईने खिडकीवरची नजर न हलवता विचारलं, "आणि पुढे?"